गुडघ्यावरील शस्त्रक्रिया आणि वेदनाशमन

घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा गुडघा बदलावयाचें ठरलें कीं, त्या घरांत दोन प्रश्न हटकून उत्पन्न होतात. त्यांपैकीं खर्चाचा प्रश्न दिवाणखान्यांत बसून सर्वांसमक्ष बोलला जातो. ऑगस्ट २०१७ मध्यें भारत सरकारनें कृत्रिम गुडघ्याच्या किंमतीवर कमाल मर्यादा घातली तेव्हांपासून त्याची धार थोडी बोथटही झाली आहे. दुसरा प्रश्न रोगी आपल्या मनांतच घोळवीत राहतो, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं, बाकीचीं माणसें निजल्यावर, तो डोकें वर काढतो : फार दुखेल काय ? प्रत्यक्ष शस्त्रक्रिया चालू असतांना दुखत नाहीं, हें आतां शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक आहे. भीति असते ती भूल उतरल्यानंतरच्या तासांची. आणि ती निराधार आहे असें कोणाही वैद्यकवेत्त्यास म्हणतां येणार नाहीं. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ही मागाहून अतिशय दुखणाऱ्या शस्त्रक्रियांत मोडते.

याचें कारण त्या शस्त्रक्रियेच्या स्वरूपांतच आहे. मांडीच्या हाडाचें खालचें टोंक व नडगीच्या हाडाचें वरचें टोंक, हीं झिजलेलीं टोंकें करवतीनें तासून त्यांवर धातूचे भाग बसवितात आणि मध्यें एका जातीच्या कठीण प्लॅस्टिकची चकती घालतात. हाडावरचें जें पातळ आवरण असतें तें संवेदनेच्या बाबतींत फार तीव्र असतें, आणि येथें नेमकें तेंच कापलें जातें. वाटी बाजूस सारावी लागते. तिला धरून ठेवणारा मांडीच्या पुढल्या अंगाचा मोठा स्नायु ताणला जातो. रक्त फार जाऊं नये म्हणून पुष्कळ वेळां मांडीभोंवतीं हवेचा पट्टा आवळून ठेवलेला असतो. त्यावर सूज येते ती वेगळीच. तथापि खरी अडचण याच्यापुढें आहे. हात मोडला तर तो झोळींत घालून कांहीं आठवडे स्वस्थ ठेवतां येतो. गुडघ्याला अशी विश्रांति मिळत नाहीं. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीं, आणि हल्लीं बऱ्याच ठिकाणीं त्याच दिवशीं सायंकाळीं, रोग्यास उभें करून चार पावलें चालवितात व गुडघा वाकविण्यास लावतात. तसें न केलें तर सांधा आखडतो. पोटरीच्या शिरांत रक्ताच्या गांठी होऊन त्यांतील एखादी फुप्फुसांत जाऊन अडकण्याची भीति असते. दुखणारा पाय कोणीही आपखुषीनें हलवीत नाहीं. तेव्हां वेदना कमी करणें ही येथें केवळ दयेची गोष्ट राहत नाहीं. पुढें तो गुडघा किती वाकेल हें पुष्कळसें त्यावर अवलंबून असतें.

वेदनेवरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे अफू, व तिच्यापासून काढलेलें मॉर्फिन. त्याचा गुण निर्विवाद आहे. परंतु तें मेंदूवर व मज्जारज्जूवर काम करतें, आणि दुखत असतो तो गुडघा. एका सांध्यासाठीं सबंध माणसाला गुंगवावें लागतें. मळमळ, उलटी, मलावरोध, अंगाला खाज, हे त्याचे लहान त्रास. श्वास मंदावणें हा मोठा. शिवाय गुडघे बदलून घेणारीं माणसें बहुतेक साठीच्या पुढचीं असतात, आणि त्या वयांत अशा औषधांनीं रात्रीं भ्रम होतो. आपण कोठें आहों हें न कळून आजोबा मध्यरात्रीं हातांतील सलाईनची नळी उपटून काढतात, आणि सकाळीं त्यांना त्यांतील कांहींच आठवत नाहीं. ज्या घरानें हें एकदां पाहिलें आहे त्याला मॉर्फिनच्या मर्यादा निराळ्या समजावून सांगाव्या लागत नाहींत.

दुसरा मार्ग असा कीं, वेदनेची वर्दी मेंदूपर्यंत पोहोंचूंच द्यावयाची नाहीं. गुडघ्यापासून निघालेली संवेदना कांहीं ठराविक मज्जातंतूंवाटे मांडींतून वर जाते, पृष्ठवंशांत शिरते व तेथून मेंदूकडे जाते. ही तार वाटेंत एके ठिकाणीं कांहीं तास मुकी करून ठेवली, तर माणूस पूर्ण शुद्धीवर राहतो, बोलतो, चहा घेतो, वर्तमानपत्र वाचतो; गुडघ्यांतील दंगलीची बातमी मात्र त्याच्यापर्यंत येत नाहीं. यालाच डॉक्टर मंडळी 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात, आणि रुग्णालयांतील बोलण्यांत त्याचें नुसतें 'ब्लॉक' होऊन गेलें आहे.

या विद्येचा आरंभ डोळ्यापासून झाला. १८८४ सालीं व्हिएन्ना शहरांत कार्ल कोलर नांवाचे एक तरुण डॉक्टर होते. कोकाच्या पानांतून काढलेलें कोकेन जिभेला लागलें कीं जीभ बधिर होते, हें त्यापूर्वींही कित्येकांनीं पाहिलें होतें. कोलर यांचे स्नेही सिग्मंड फ्रॉइड हे त्या सुमारास कोकेनचाच अभ्यास करीत होते. परंतु जी वस्तु जिभेला बधिर करते ती डोळ्यालाही करील, हा विचार सुचला कोलर यांना. त्यांनीं प्रथम बेडकाच्या डोळ्यांत, मग सशाच्या व कुत्र्याच्या, आणि शेवटीं स्वतःच्या डोळ्यांत तो द्रव घालून टांचणीच्या डोक्यानें बुबुळाला स्पर्श करून पाहिला. कांहीं कळलें नाहीं ! त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत हायडेलबर्ग येथें नेत्रवैद्यांची परिषद भरली, तेव्हां कोलर यांच्याजवळ तेथवर जाण्याचा खर्चही नव्हता. त्यांचा निबंध दुसऱ्या एका डॉक्टरांनीं वाचला. कांहीं आठवड्यांतच ती वार्ता अमेरिकेपर्यंत पोहोंचली.

न्यूयॉर्कमध्यें विल्यम हालस्टेड या शस्त्रवैद्यांनीं पुढचें पाऊल टाकलें. त्वचेवर द्रव लावण्याऐवजीं तो सुईनें प्रत्यक्ष मज्जातंतूच्या शेजारीं सोडला, तर त्या तंतूच्या ताब्यांतील सगळा प्रदेश बधिर होतो, हें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें. आजच्या ब्लॉकची मूळ कल्पना हीच. परंतु हे प्रयोग ते स्वतःवर करीत, आणि कोकेन ही काय वस्तु आहे याची त्या काळीं कोणालाच पुरती कल्पना नव्हती. हालस्टेड व्यसनाच्या आहारीं गेले. कोकेन सोडविण्यासाठीं मॉर्फिन द्यावें, असा त्या वेळचा उपचार. त्यामुळें एका व्यसनाच्या जागीं दुसरें आलें. पुढें बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयांत ते फार थोर शस्त्रवैद्य म्हणून नांवाजले, तरी तें दुखणें त्यांच्या मागून कधीं पूर्णपणें गेलें नाहीं.

यानंतरचा प्रसंग जर्मनींतील कील येथला, १८९८ सालचा. ऑगस्ट बीर यांनीं पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोंवतींच्या पाण्यांत कोकेन सोडण्याची रीति काढली. त्यांचा पहिला रोगी एक मजूर होता. त्याच्या घोट्याच्या सांध्याला क्षय झाला होता. शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली, पण नंतर त्याचें डोकें दुखूं लागलें व उलट्या झाल्या. हें कशामुळें, याचा छडा लावण्यासाठीं बीर यांनीं आपले साहाय्यक हिल्डेब्रान्ट यांच्याकडून स्वतःच्याच पाठींत सुई टोंचून घेतली. पिचकारी सुईला नीट बसेना; औषध सांडून गेलें आणि पाठींतलें पाणीही वाहूं लागलें. तेव्हां हिल्डेब्रान्ट आपण होऊन पुढें झाले. त्यांना औषध दिल्यावर बीर यांनीं त्यांच्या पायावर सुया टोंचल्या, पेटती सिगार टेंकवली, नडगीवर लोखंडी हातोडीनें घाव घातला. हिल्डेब्रान्ट यांना कांहीं कळत नव्हतें. संध्याकाळीं दोघांनीं द्राक्षासव व सिगार यांच्या संगतींत तो विजय साजरा केला. दुसऱ्या दिवसापासून बीर नऊ दिवस डोकें वर करूं शकले नाहींत, आणि हिल्डेब्रान्ट यांच्या पायांवर काळेनिळे वळ उमटले. विज्ञानाच्या इतिहासांत शिष्यानें गुरूसाठीं सोसलेल्या अशा हातोडीच्या घावांची नोंद क्वचित्‌च सांपडेल. आज गुडघ्याच्या बहुतेक शस्त्रक्रियांना पाठींतून जी भूल देतात ती बीर यांच्याच पद्धतीची सुधारलेली वंशज आहे. सुया आतां फार बारीक झाल्यामुळें ती डोकेदुखी पुष्कळच कमी झाली.

कोकेन मात्र मागें पडलें. १९०५ च्या सुमारास नोव्होकेन आलें. १९४३ सालीं स्वीडनमध्यें निल्स लोफग्रेन यांनीं लिडोकेन तयार केलें. दांताच्या डॉक्टराकडे हिरडी बधिर करून घेतलेल्या प्रत्येक माणसाचा या घराण्याशीं परिचय झालेला आहे. १९५७ मध्यें स्वीडनमध्येंच ब्युपिव्हाकेन निघालें, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस रोपिव्हाकेन. शेवटच्या दोहोंचा गुण असा कीं, त्यांचा असर लिडोकेनपेक्षां कितीतरी अधिक वेळ टिकतो. मज्जातंतूजवळ एकदां सोडलेलें औषध बारा तास, कधीं अठरा तास, क्वचित् त्याहूनही अधिक काम करतें.

हीं औषधें करतात तरी काय ? मज्जातंतूंतून जी वर्दी जाते ती म्हणजे एक विजेची लहर असते. तंतूच्या भिंतींत अतिसूक्ष्म दारें असतात. तीं उघडलीं कीं मिठांतील जो सोडियम तो भाराने युक्त असा आंत घुसतो, त्यामुळें पुढचीं दारें उघडतात, आणि अशा रीतीनें लहर पुढें पुढें सरकते. बधिर करणारें औषध भिंतींतून आंत शिरतें व हीं दारें आंतल्या बाजूनें अडवून ठेवतें. लहर तेथेंच थांबते. औषध रक्तांत हळूहळू वाहून गेलें कीं दारें मोकळीं होतात व तंतु पूर्ववत् काम करूं लागतो. तंतु तुटत नाहीं, जळत नाहीं, मरत नाहीं. ही गोष्ट पुष्कळ रोग्यांना कोणी सांगितलेली नसते, आणि 'नस बंद करणार' एवढेंच कानांवर पडल्यामुळें ते धास्तावतात.

आतां खुद्द गुडघ्याकडे वळावें. गुडघ्याला एकच मज्जातंतु असता तर हा विषय येथेंच संपला असता. पुढल्या व आंतल्या अंगाची बरीचशी संवेदना जांघेंतून उतरणाऱ्या फेमोरल मज्जातंतूच्या शाखा वाहतात. मागची बाजू, म्हणजे गुडघ्याची लवण, मुख्यतः सायटिक मज्जातंतूच्या ताब्यांत असते. आणि ऑब्ट्युरेटर नांवाचा तिसरा एक तंतु आंतून व मागून आपला थोडा वांटा उचलतो. सांध्याची राखण करणारे असे तीन पहारेकरी असल्यामुळें एकाला झोंपविलें तरी दुसरे ओरडतच राहतात. १९७३ सालीं शिकागोचे अलॉन विनी यांनीं जांघेंत एकाच जागीं बरेंच औषध सोडून तिन्ही तंतु गांठण्याची युक्ति सुचविली. (त्यांचे तीन म्हणजे फेमोरल, ऑब्ट्युरेटर व मांडीच्या बाहेरील त्वचेचा एक तंतु.) कल्पना मोठी आकर्षक होती, परंतु ऑब्ट्युरेटर पुष्कळदां हातांतून निसटतो असें मागाहून आढळून आलें.

तरीही फेमोरल ब्लॉकनें कित्येक वर्षें उत्तम सेवा केली. मॉर्फिन कमी लागे, रोगी शांत झोंपत, गुडघाही चांगला वाकविला जाई. दोष निघाला तो अगदीं निराळ्या जागीं. फेमोरल मज्जातंतु नुसती संवेदना वाहत नाहीं. मांडीच्या पुढचा जो चौपदरी स्नायु गुडघा सरळ ठेवतो, ज्याच्या जोरावर माणूस उभा राहतो व जिना चढतो, त्याला हुकूमही हाच तंतु पोहोंचवितो. जांघेंत औषध सोडलें कीं वेदनेबरोबर हुकूमही थांबतो. पलंगावर पडलेल्या माणसाला याचा पत्ता लागत नाहीं. पाय दुखत नाहीं, मन प्रसन्न असतें, आणि पहाटे तीन वाजतां लघवीला जाण्याची इच्छा होते.

येथें आपल्याकडील वृद्धांचा स्वभाव आड येतो. दिवसभर जागून थकलेली सून शेजारच्या बाकावर आडवी झालेली असते. तिला कशाला उठवावयाचें, असें मनांत येऊन आजी हळूच पाय खालीं सोडतात. दुखत नसल्यामुळें त्यांना वाटतें, पाय ठीक आहे. उभ्या राहतात, आणि गुडघा ओल्या वेळूसारखा दुमडतो. नवीन बसविलेल्या सांध्यावरचे टाके उसवणें हें त्यांतल्या त्यांत सुदैव. कमरेचें हाड मोडलें तर तें दुखणें पहिल्याहून भारी. २०१० नंतर या पडण्याच्या घटनांकडे भूलतज्ज्ञांचें लक्ष विशेष वेधलें गेलें. वेदना काढून घेतांना शक्तिही काढून घेतली जाते, तर हा सौदा कितपत फायद्याचा, असा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला.

उत्तर मिळालें तें थोडें खालीं उतरल्यावर. मांडीच्या मध्यावर, आंतल्या अंगास, एक स्नायु तिरपा उतरत गेलेला आहे. त्याचें लॅटिन नांव शिंप्यावरून पडलें आहे. युरोपांतील शिंपी पायावर पाय घालून शिवावयास बसत, आणि तशी मांडी घालतांना हा स्नायु कामीं येतो. आपल्याकडे या स्नायूला पंगतीचा म्हटलें तरी चालण्यासारखें आहे. त्याच्याखालीं एक अरुंद बोगदा आहे; त्यांतून पायाची मोठी रोहिणी जाते. लंडनचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनीं १७८५ सालीं एका गाडीवानाच्या गुडघ्यामागें रोहिणीला आलेल्या फुग्यावर इलाज म्हणून याच बोगद्यांत ती रोहिणी बांधली आणि त्याचा पाय वांचविला. त्यावरून त्याला हंटरचा बोगदा असेंही म्हणतात. फेमोरल मज्जातंतु या ठिकाणीं येईपर्यंत चौपदरी स्नायूला जाणाऱ्या आपल्या बहुतेक फांद्या वाटेंत टाकून आलेला असतो. बोगद्यांत शिरतात त्या प्रामुख्यानें संवेदनेच्या : एक सॅफेनस नांवाची, जी गुडघ्याच्या आंतल्या अंगावरून नडगीच्या कडेनें घोट्यापर्यंत जाते, आणि दुसरी आंतल्या स्नायूला व सांध्याला पुरविणारी. औषध येथें सोडलें तर गुडघ्याच्या पुढच्या भागाची वेदना थांबते व मांडीचें बळ बहुतांशीं शाबूत राहतें.

'बहुतांशीं' म्हणजे किती, याचें मोजमापही झालें आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनीं २०१३ सालीं निरोगी स्वयंसेवकांवर दोन्ही पद्धति वापरून पाहिल्या. जांघेंतील ब्लॉकनें मांडीच्या स्नायूची शक्ति सरासरी ४९ टक्क्यांनीं घटली; बोगद्यांतील ब्लॉकनें ८ टक्क्यांनीं. हे आंकडे तरुण निरोगी पायांचे आहेत हें विसरतां कामा नये. शस्त्रक्रियेनंतर सूज व वेदना यांनींच स्नायु आधीं अर्धमेला झालेला असतो. औषध अधिक प्रमाणांत दिलें तर तें बोगद्यांतून वर चढून जांघेकडेही जाऊं शकतें. तथापि फरक एवढा स्पष्ट होता कीं, गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठीं फेमोरल ब्लॉकची जागा बऱ्याच ठिकाणीं या नव्या ब्लॉकनें घेतली.

राहिली लवण. पुढचा गुडघा शांत झाल्यावर पुष्कळ रोगी म्हणतात, "पुढें कांहीं नाहीं, पण मागून ओढ लागते." ती सायटिक तंतूची तक्रार असते. सायटिक तंतूलाच बधिर केलें तर ती थांबते. परंतु मग पाऊल लुळें पडतें, आणि दुसरीही एक पंचाईत होते. शस्त्रक्रियेंत पोटरीच्या बाहेरच्या अंगाच्या मज्जातंतूला क्वचित् ताण बसतो, व तो बसला कीं काय हें रोग्यास पाऊल वर उचलावयास सांगून पहावयाचें असतें. पाऊल आधींच औषधानें लुळें असेल तर परीक्षा घ्यावयाची कोणाची ? म्हणून हल्लीं लवणेंतील रोहिणी व सांध्याचें मागचें आवरण यांमधल्या फटींत थोडें औषध सोडतात; तें सांध्याकडे जाणाऱ्या बारीक फांद्यांना गांठतें व मोठ्या तंतूला बहुधा सोडून देतें. कित्येक शस्त्रवैद्य सांधा बसवितांनाच सभोंवतालच्या मांसांत पातळ केलेलें औषध भरतात. सिडनीच्या दोघा डॉक्टरांनीं या पद्धतीचे आपले अनुभव २००८ सालीं प्रसिद्ध केले, आणि तिचा प्रसार झपाट्यानें झाला. तिला निराळा भूलतज्ज्ञ किंवा यंत्र लागत नाहीं, हा तिचा मोठा गुण. ती व बोगद्यांतील ब्लॉक यांची जोडी पुष्कळांना पसंत पडली आहे.

प्रत्यक्ष कृति पाहावयास गेलें तर फार साधी वाटते. पूर्वीं शरीररचनेच्या ज्ञानावर भरंवसा ठेवून अंदाजानें सुई घालीत, आणि रोग्याच्या पायांत झिणझिण्या आल्या म्हणजे जागा सांपडली असें समजत. पुढें सुईच्या टोंकांतून विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडण्याची युक्ति निघाली. टोंक फेमोरल तंतूजवळ आलें कीं मांडीचा स्नायु आंचके देई व गुडघ्याची वाटी नाचूं लागे. १९९४ सालीं व्हिएन्नाच्या भूलतज्ज्ञांनीं सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहात हातासाठीं ब्लॉक देण्याची रीति प्रसिद्ध केली. कोलर यांच्याच गांवीं, आणि बरोबर एकशेंदहा वर्षांनीं ! आतां मांडीवर गार जेली लावून यंत्राची मूठ टेंकवितात. पडद्यावर रोहिणी काळ्या वर्तुळासारखी ठकठक उडतांना दिसते, तिच्या शेजारीं तंतूचा पांढुरका ठिपका, आणि सुई एका चकचकीत रेषेसारखी आंत येतांना दिसते. पंधरा-वीस मिलिलिटर औषध सोडलें कीं तंतूभोंवतीं पाण्याचें काळें तळें सांचतें. सारें काम कांहीं मिनिटांचें. अधिक दिवस आराम हवा असेल तर केंसासारखी बारीक नळी तेथेंच ठेवून दोन-तीन दिवस थोडथोडें औषध देत राहतात. पण ती नळी सरकते, गळते, आणि तिच्याकडे लक्ष देणारें माणूस लागतें.

धोके नाहींत असें नाहीं. औषध चुकून रक्तवाहिनींत गेलें तर तें थेट मेंदू व हृदय यांवर जाऊन आदळतें. तोंडांत धातूची चव येणें, ओठांभोंवतीं मुंग्या, कानांत घूं घूं, या पहिल्या खुणा. मग आंचके, आणि शेवटीं हृदय बंद पडणें. १९७९ नंतर ब्युपिव्हाकेनच्या अशा अपघातांची फार चर्चा झाली, कारण एकदां थांबलेलें हृदय पुन्हां चालू होणें कठीण जाई. त्यावर उतारा सांपडला तो अगदीं अनपेक्षित. ज्यांना तोंडानें अन्न जात नाहीं त्यांना शिरेंतून पोषणासाठीं सोयाबीनच्या तेलाचें दुधासारखें पांढरें द्रावण देतात. तें द्रावण या विषावर गुणकारी ठरतें असें १९९८ सालीं अमेरिकेंत उंदरांवर दिसून आलें, आणि २००६ मध्यें माणसाचा जीव त्यानें वांचल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. म्हणून सुई आंत गेल्यावर भूलतज्ज्ञ दर थोड्या थेंबांनंतर पिचकारीचा दट्ट्या मागें ओढून रक्त येतें काय तें पाहतो, आणि मध्येंच "तोंडाला कांहीं चव येते का ?" असें विचारतो. तो प्रश्न गप्पांसाठीं नसतो. त्याचें उत्तर रोग्यानें खरें द्यावें. मज्जातंतूला कायमची इजा होणें हें फार विरळ. दहा हजारांत मोजकीं उदाहरणें घडतात.

याउलट जे धोके घरोघर बोलले जातात त्यांना फारसा आधार नाहीं. 'पाठींत सुई टोंचली कीं जन्माची कंबर जाते' हें वाक्य महाराष्ट्रांत न ऐकलेलें कुटुंब विरळा. टोंचल्याजागीं दोन-चार दिवस दुखतें. जन्माच्या कंबरदुखीशीं त्या सुईचा संबंध तपासण्यांतून सिद्ध झालेला नाहीं. शिवाय गुडघ्याच्या ब्लॉकची सुई मांडींत जाते, पाठीशीं तिचा संबंध येत नाहीं. रोगी रक्त पातळ करणारीं औषधें घेत असेल, मधुमेहानें पायांची जाणीव आधींच कमी झाली असेल, अथवा पूर्वीं दांत काढतांना इंजेक्शनचा त्रास झाला असेल, तर तेवढें मात्र भूलतज्ज्ञास अगोदर सांगितलें पाहिजे. हा मनुष्य शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं पांच मिनिटें येऊन जातो, आणि घरचीं माणसें त्याच्याकडे सही घेणारा कारकून म्हणून पाहतात. रात्रभराची शांतता पुष्कळशी त्याच्याच हातीं असते.

एक गोष्ट मात्र रुग्णालयांतही पुरेशी समजावून सांगितली जात नाहीं. ब्लॉक उतरतो तो हळूहळू उतरत नाहीं. दुपारीं दोन वाजतां दिलेलें औषध मध्यरात्र ते सकाळ यांच्या दरम्यान संपतें, आणि तोंवर दाबून ठेवलेली सारी वेदना तास-दोन तासांत अंगावर येते. सायंकाळीं हंसतखेळत बसलेला रोगी पहाटे कळवळतो. घरचीं माणसें घाबरून म्हणतात, आंत कांहीं बिघडलें. बहुधा कांहीं बिघडलेलें नसतें. सायंकाळीं "दुखत नाहीं, मग गोळी कशाला ?" म्हणून परत केलेली पॅरासिटामॉलची किंवा सूज उतरविणारी गोळी, तेवढी चुकलेली असते. ती गोळी दुखूं लागण्यापूर्वीं, घड्याळाप्रमाणें, घ्यावयाची असते. दुखणें एकदां चढलें कीं तिच्या हातीं फारसें राहत नाहीं.

ब्लॉक चालू आहे कीं नाहीं हें पाहण्याची परिचारिकेची रीति सोपी आहे. स्पिरिटांत भिजविलेला कापसाचा बोळा ती नडगीच्या आंतल्या कडेनें घोट्यापर्यंत फिरविते व दुसऱ्या पायाशीं ताडून विचारते, गार लागतें का. गार लागत नसेल तोंवर रोग्यानें वॉकर व दुसऱ्या माणसाचा हात असल्याखेरीज उभें राहूं नये. त्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावूं नये, भाजलें तरी कळणार नाहीं. मग रात्रीं केव्हां तरी घोट्याच्या आंतल्या अंगाला मुंग्या येऊं लागतात, चादरीचा गारवा पुन्हां जाणवतो. त्या वेळेपर्यंत रात्रीची गोळी पोटांत गेलेली असावी, घंटेचें बटण उशाशीं असावें, आणि बाकावर निजलेल्या सुनेनें आजींकडून संध्याकाळींच कबूल करून घेतलेलें असावें कीं, त्या तिला उठवितील.